एनएफ-वन असलेल्या पोराला दमा, अ‍ॅलर्जीपण असेल तर लक्ष कसं ठेवायचं

अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग दिसले की आपल्याकडे "ग्रहण लागलं असेल पोटात असताना" म्हणून सोडून देतात. असं करू नका, पट्टी घेऊन मोजा. लहान पोराला ५ मिलीमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील, वर काखेत नाहीतर जांघेत बारीक तीळतीळ दिसत असतील, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाईप १, म्हणजे एनएफ-वन हा जनुकातल्या बिघाडाचा आजार आहे का ते बघून घ्यावं लागतं. साधारण ३००० जन्मांमागे एकाला हा असतो, आणि निम्म्या केसेसमध्ये आईबापाला काहीच नसतं, त्यामुळे कोणाच्या घराण्यातून आलं यावर भांडू नका.

आता मुख्य भीती डोळ्याच्या नसेवरच्या गाठीची, ऑप्टिक ग्लायोमा. या मुलांपैकी १५ ते २० टक्क्यांना होते, बहुतेक वेळा सात वर्षांच्या आत, बऱ्याच जणांना काही त्रासही होत नाही आणि ट्रीटमेंटही लागत नाही. पण ज्यांना लागते त्यांची नजर जाऊ शकते, म्हणून साधारण आठ वर्षांपर्यंत दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, शक्यतो लहान मुलांचे डोळे बघणाऱ्याकडे, न्यायचंच. सिंधुदुर्गातली बरीच माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातात, रत्नागिरीकडची मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठतात, सुट्टी बघून आधीच तारीख घेऊन ठेवा.

खरी गडबड इथे होते की पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, पोरगं शिंकतं, डोळे चोळतं, आणि सगळं अ‍ॅलर्जीच्या नावावर खपतं. अ‍ॅलर्जीने डोळे लाल होतात, खाजतात, पाणी येतं, पण डोळा बाहेर आल्यासारखा किंवा नव्याने तिरळा दिसत नाही. घरी अधूनमधून एक डोळा तळहाताने झाकून लांबून एसटीची पाटी वाचायला लावा, मग दुसरा. वाचता न येणारं असेल तर चित्रं दाखवा. एका बाजूला चुकतंय, किंवा तो डोळा झाकला तर काही नाही पण चांगला झाकला की रडतंय, तर वर्षाच्या तारखेची वाट बघायची नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलट्या होत असतील तर पित्त म्हणून कोकम सरबत पाजत बसू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉईडचे ड्रॉप्स तर अजिबात आणायचे नाहीत, डोळ्याचं प्रेशर वाढतं.

उंची दर काही महिन्यांनी दारावर खूण करून लिहा. वारंवार स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या की वाढ मंदावते, उलट मेंदूतल्या गाठीमुळे काहींना वयात येणं लवकर सुरू होतं, मग उंची झपाट्याने वाढते, आणि घरचे खूश होतात.

आणि हो, "दमा असला की गाठ होत नाही" असं कोणी फॉरवर्ड पाठवेल. मुळात २०२१ मध्ये वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या टीमने एनएफ-वनवाल्या उंदरांत दमा केला तर टी पेशींमुळे (रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी) गाठ कमी होते असं दाखवलं. ते उंदीर होते हो. तुमच्या पोराचा दम्याचा पंप त्यावरून बंद करू नका, धूळ-बुरशी साफ करायची थांबू नका, कोलंबीने अंगावर गांधी येत असतील तर मुद्दाम चारू नका. डॉक्टरकडे जाताना मात्र एनएफची फाईल आणि दम्याच्या औषधांची यादी एकाच पिशवीत न्या, कारण छातीवाल्याला डाग माहीत नसतात आणि डोळेवाल्याला पंप.