रॅम पूर्ण स्पीडने चालतेय का बघा, मग बायोसमधलं बाकीचं

खूप घरच्या मशीनमध्ये रॅमच्या पाकिटावर ३२०० किंवा ६००० असा स्पीड छापलेला असतो आणि ती प्रत्यक्षात २४०० नाहीतर ४८०० लाच चालत असते, आणि हे वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही कारण विंडोज नीट सुरू होतं, सगळं चालतं, मग बघणार कोण. नवीन रॅम लावली की मदरबोर्ड मुद्दाम सगळ्यात सेफ स्पीड पकडतो, पाकिटावरचा स्पीड आपण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग पान) जाऊन चालू करायचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की ओव्हरक्लॉकिंगच्या (ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडने चालवण्याच्या) मागे लागण्याआधी ज्याचे पैसे भरलेत ते तरी पूर्ण वापरा, खरा फरक तिथेच पडतो.

चेक करायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड दिसतो. सीपीयू-झेड हे माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते अर्धा आकडा दाखवतं, डीडीआर रॅम एका क्लॉकमध्ये दोनदा डेटा पाठवते म्हणून, तर १६०० दिसलं म्हणजे ३२००च आहे, घाबरू नका. आणि कॅबिनेट उघडायची तयारी असेल तर स्लॉट पण बघून घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर दोनच स्टिक (रॅमच्या पट्ट्या) असतील तर जवळजवळ सगळीकडे त्या सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात, शेजारी शेजारी लावल्या तर बहुतेक बोर्डवर सिंगल चॅनल होतो (डेटा दोनऐवजी एकाच वाटेने जातो) आणि गेमिंगला तो चांगलाच जाणवतो, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर.

आता बायोसमध्ये जायच्या आधीचं एक काम, हे प्लीज सोडू नका. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी काढून मोबाईलमध्ये किंवा कागदावर ठेवा, कारण सिक्युअर बूट, टीपीएम (या सुरक्षेच्या सेटिंग्ज) किंवा बायोस अपडेट याला हात लागला की विंडोज ती की मागू शकतं आणि की नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. फास्ट बूटमुळे संधीच मिळत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, पुढे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत गेल्यावर काहीही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.

इंटेलच्या बोर्डवर पाकिटावरचा स्पीड चालू करायचा ऑप्शन एक्सएमपी नावाने असतो, एएमडीवर डीडीआर५ ला एक्स्पो, आणि असूसच्या जुन्या एएमडी बोर्डवर डीओसीपी. पहिला प्रोफाइल (तयार सेटिंग्जचा संच) निवडा, सेव्ह करा, बाहेर या, बस. स्पीड, टायमिंग आणि व्होल्टेज तिन्ही एकदम सेट होतात, डीडीआर४ ला साधारण १.३५ व्होल्ट दिसेल, ते नॉर्मल आहे. डीडीआर५ वर यानंतर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग (जुळवाजुळव) करत असतो, तेव्हा बटण दाबून बंद करू नका, थांबा. एएमडीचा रायझन ७००० सीपीयू असेल तर एक्स्पोच्या आधी बायोस अपडेट करून घ्या, २०२३ मध्ये त्यातल्या एक्स३डी चिप जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (चिपमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि ती नवीन बायोसमधूनच मिळते.

नाहीच चालू झालं तर? बरेच बोर्ड दोनतीनदा फेल झाले की आपोआप जुन्या स्पीडवर येतात. नाही आले तर पीएसयूचा (पॉवर सप्लायचा) स्विच बंद करून क्लिअर सीमॉसचा (बायोस सेटिंग्ज पुसायचा) जंपर शॉर्ट करा, म्हणजे त्याच्या दोन पिना टेकवा, किंवा बोर्डवरचा बटण सेल थोडा वेळ काढून ठेवा. मग प्रोफाइल तोच ठेवून स्पीड एक पायरी कमी करून बघा, ६००० ऐवजी ५६०० वगैरे. चार स्टिक लावल्या असतील तर फार अपेक्षा ठेवू नका, रायझन ७००० ला एएमडीचा स्वतःचा आकडा दोन स्टिकला ५२०० आणि चारला फक्त ३६०० आहे, त्यामुळे नवीन घेताना दोन मोठ्या स्टिक घेतलेल्या बऱ्या. सुरू झालं म्हणजे स्टेबल झालं असं नसतं हां, रात्री मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं टूल लावून झोपा, एकही एरर आला तर स्पीड कमी करा, कारण रॅमची चूक गुपचूप फाइली खराब करते.

त्यानंतर रिसाइझेबल बार, म्हणजे सीपीयूला ग्राफिक्स कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग. आरटीएक्स ३००० सिरीज, आरएक्स ६००० किंवा त्यापुढचं ग्राफिक्स कार्ड असेल तर चालू करा, इंटेल आर्कला तर हे हवंच. अबव्ह ४जी डिकोडिंग ऑन, रिसाइझेबल बार ऑन, आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) ऑफ. पण सीएसएम ऑफ करायच्या आधी विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ चालवून बायोस मोड बघा, तिथे लेगसी लिहिलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर विंडोज बूटच होणार नाही, आधी बॅकअप घेऊन एमबीआर२जीपीटी टूलने डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीवरून जीपीटी पद्धतीवर आणावी लागेल. फायदा गेमवर अवलंबून आहे, काहींत बऱ्यापैकी, काहींत शून्य.

सीपीयूच्या बाबतीत मी हात आखडता घ्यायला सांगेन. इंटेल १३ आणि १४ जनरेशनच्या वरच्या चिप असतील तर परफॉर्मन्स वाढवणं राहू दे, आधी बायोस अपडेट करा आणि इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज निवडा. जास्त व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत होत्या, २०२४ मध्ये इंटेलने त्यासाठी मायक्रोकोड (चिपच्या आतल्या प्रोग्रामचा अपडेट) आणला, पण आधीच खराब झालेली चिप त्याने दुरुस्त होत नाही. रायझन ५००० पासून पुढे मात्र पीबीओ (एएमडीची आपोआप स्पीड वाढवायची सोय) यातला व्होल्टेज कमी करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर मस्त आहे, ऑल कोअर, निगेटिव्ह, १० पासून सुरुवात करा, कमी व्होल्टेजमध्ये चिप थंड राहते आणि तेवढ्याच कूलरवर जास्त क्लॉक पकडते. याची टेस्ट फक्त सिनेबेंच या फुल लोडच्या टेस्टवर करू नका, कर्व्ह जास्त झाला की मशीन बहुतेक वेळा रिकामं बसलेलं असताना किंवा हलक्या कामात रीस्टार्ट होतं, फुल लोडवर नाही, म्हणून दोनचार दिवस नेहमीसारखं वापरून मगच पुढचा आकडा.

पंखे पण बायोसमधूनच सेट करा. तीन पिनचा पंखा असेल तर मोड डीसी, चार पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम, तीन पिनचा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर तो कायम फुल स्पीडने ओरडत बसतो. आणि स्टेप अप टाइम (पंख्याने वेग वाढवायला घ्यायचा वेळ) वाढवा म्हणजे ब्राउझर उघडला की लगेच आवाज चढणार नाही.

एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर गडबड कशामुळे झाली ते कळणारच नाही.

दोन ठिकाणी मात्र हात लावू नका. सीपीयूचं व्होल्टेज मॅन्युअल टाकणं, आणि साटा मोड (डिस्क चालवायची पद्धत) एएचसीआय वरून रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायचा मोड) किंवा उलट करणं, या मोडच्या बदलाने स्पीड तर वाढत नाहीच, विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. चुकून मोड बदललाच तर विंडोज लगेच फॉरमॅट करायला घेऊ नका, रेडचा नवीन अ‍ॅरे वगैरे न बनवता फक्त परत पहिल्या मोडवर आणा, जसं होतं तसं बूट होतं.