डिस्प्ले येत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

मे महिन्याच्या दुपारी दोनदा-तीनदा लाईट जाते आणि येते, त्यानंतर कॉम्प्युटरचे बटण दाबले की पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण स्क्रीन काळीच राहते. हा अनुभव मराठवाड्यातल्या बहुतेक घरांनी घेतलेला आहे. अशा वेळी घरातले कोणीतरी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळे होते आणि दुसरे कोणीतरी ‘फॉरमॅट मारून बघू’, म्हणजे हार्ड डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकू, असे सुचवते. यातले दुसरे वाक्य अधिक महागात पडते.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्ड स्वतःची, रॅमची आणि ग्राफिक्सची तपासणी करतो, स्क्रीनवर कंपनीचे चिन्ह दाखवतो आणि त्यानंतरच विंडोजची पाळी येते. त्यामुळे ते चिन्हसुद्धा उमटत नसेल तर बिघाड विंडोजच्या अलीकडचा आहे, आणि हार्ड डिस्क पुसल्याने सातबाऱ्याचे उतारे, मुलांच्या नोट्स व लग्नाचे फोटो जातील, स्क्रीन मात्र काळीच राहील. याउलट चिन्ह दिसून नंतर काळोख झाला, तर बहुधा विंडोजचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा (स्क्रीनवरचे चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोष असतो. तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकत्र दाबून पाहावीत. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोज सुरू होत असतानाच पॉवरचे बटण दाबून धरून मशीन लागोपाठ दोन-तीनदा बंद केल्यास पुढच्या वेळी दुरुस्तीचा पर्याय समोर येतो आणि तेथून सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जाता येते.

दुसरी चूक मॉनिटर न तपासण्याची. मी स्वतः एकदा सीपीयू मोटारसायकलवर बांधून जालन्याला नेला होता. दुकानात तो पहिल्याच झटक्यात सुरू झाला आणि घरी परतल्यावर कळले की मॉनिटरची केबलच सैल होती. मॉनिटर ‘नो सिग्नल’ असे दाखवत असेल तर तो जिवंत आहे, फक्त त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का आणि मॉनिटरच्या मेनूत योग्य इनपुट निवडलेला आहे का, हे पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असल्यास केबल त्या कार्डालाच जोडावी. अनेक जण ती सवयीने मदरबोर्डच्या पोर्टमध्ये खुपसतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस ‘एफ’ असतो, त्यांच्यात अंगचे ग्राफिक्स नसल्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून चित्र येणे शक्यच नसते. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो-विझतो का, तेही पाहावे. दिवा प्रतिसाद देत असेल तर कॉम्प्युटर चालू आहे, फक्त डिस्प्ले अडलेला आहे.

केबल ठीक असल्यास संशयाची सुई सर्वप्रथम रॅमकडे वळवावी, कारण उष्णतेने आणि धुळीने तिचा मदरबोर्डशी असलेला स्पर्श बिघडणे हे या तक्रारीचे फार नेहमीचे कारण आहे. येथे लोक घाई करतात आणि प्लग न काढताच कॅबिनेट उघडतात. आधी प्लग काढावा, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलेला विद्युतभार उतरू द्यावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. रॅम काढून तिचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, कण झटकावेत आणि खाच जुळवून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेकच लावून पाहावी. डीडीआर-५ रॅमचे नवे मशीन मात्र पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काळ्या स्क्रीनवर थांबू शकते. तेव्हा ते बिघडले असे समजून सारखे बंद-चालू करू नये.

धूळ काढण्यासाठी सीपीयू पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ती सोडून द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते, हवेबरोबर त्याचे आणि तेलाचे थेंब मदरबोर्डवर उडतात, आणि त्या जोरात पंखे भलत्याच वेगाने फिरून खराब होतात. मऊ कोरडा ब्रश आणि बोटाने अडवून धरलेला पंखा एवढ्यावर काम भागते. एसएमपीएसचे (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) झाकण कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार उरलेला असतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा घराची अर्थिंग नीट नाही. उन्हाळ्यात आपली काळी माती सुकून भेगाळते आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो, म्हणून पावसाळ्यात चांगली वाटणारी अर्थिंग एप्रिल-मेमध्ये दुबळी पडते. अशा घरात दोन्ही यंत्रे चालू असताना एचडीएमआय केबल लावली-काढली तर पोर्ट जळू शकतो. केबल जोडताना दोन्हींचे प्लग काढलेले असावेत आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी.

तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा तीन व्होल्टचा सेल बदलावा. सेल काढल्याने बायॉसच्या (मदरबोर्डच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग मूळपदावर येतात आणि त्यामुळेही काही वेळा डिस्प्ले परततो. मात्र बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्कला लावलेले कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी.

इतके करूनही स्क्रीन काळीच राहिली, किंवा जळका वास आला, फुगलेले कपॅसिटर दिसले, तर मशीन कारागिराकडे द्यावे. देताना हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढता येत असेल तर ती घरीच ठेवावी, कारण कंपनीचे चिन्ह उमटण्यासाठी तिची गरज नसते आणि कारागिराला तेवढेच पाहायचे असते.