गोंकूर मिळालेली जेलची कादंबरी ग्रुपमध्ये कशी वाचायची

आमच्या दांडिया बाजारातल्या वाचन ग्रुपने झाँ-पॉल द्युबुआची कादंबरी घेतली होती, तुम्ही घेणार असाल तर हे बघा. फ्रेंचमध्ये 2019 ला आली आणि त्याच वर्षी गोंकूर हे फ्रान्सचं मोठं साहित्याचं बक्षीस मिळालं (बक्षिसाचा चेक 10 युरोचा असतो, खरंच!), इंग्रजीत 'नॉट एव्हरीबडी लिव्ह्ज द सेम वे' नावाने आहे.

सगळ्यात आधी गूगल बंद. कादंबरीचा नायक पॉल हान्सन कॅनडात मॉन्ट्रियलच्या बोर्दो जेलमध्ये आहे, पण त्याने केलं काय हे लेखक शेवटापर्यंत दाबून ठेवतो, आणि प्रत्येक ग्रुपात एक काका असतातच जे आधी शेवट वाचून येतात आणि चहाच्या आत सांगून मोकळे होतात, त्यांना पहिल्याच दिवशी दम द्या.

वहीत दोन रकाने करा. एकात कोठडी, दुसऱ्यात आधीचं आयुष्य, म्हणजे फ्रान्समधलं तुलूज, डॅनिश पाद्री वडील, सिनेमा थिएटर चालवणारी आई, मग कॅनडात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींचं थेटफर्ड माइन्स. गोष्ट सारखी इकडून तिकडे उडी मारते, वही नसेल तर पन्नासेक पानांत लोक गळतात.

घाई करायची नाही ती एक्सेल्सियर बिल्डिंगच्या भागात. 68 फ्लॅट, आणि पॉल तिथे 26 वर्षं सगळं सांभाळणारा माणूस, बिघडलेली मशिनरी, स्विमिंग पूल, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस, सगळं त्याच्याच गळ्यात. आपल्या सोसायटीत पाणी गेलं की ज्याला रात्री फोन जातो ना, तो. काहींना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला विचाराल तर खरी कादंबरी इथेच आहे, त्यामुळे जेलची पानं पटापट गेली तरी चालतील पण ही नाही. बिल्डिंगचा कारभार नव्या माणसाकडे जातो ते प्रकरण दोनदा वाचा, का ते सांगत नाही.

कोठडीतला पार्टनर हॉर्टन हा हेल्स एंजल्स या बाइकवाल्यांच्या टोळीतला, खुनाच्या केसमधला, आणि केस कापायचे म्हटलं की याची गाळण उडते. धमाल आहे. पण त्याचं कोठडीतल्या उघड्या संडासावर बसून गप्पा मारणं आणि शिव्या, हे मोठ्याने वाचायचं तर आधी बघा कोण कोण बसलंय.

पॉलकडे मेलेली माणसं येतात, बायको विनोना, वडील, आणि नूक नावाची कुत्रीसुद्धा. भूत की भास यावर वाद सुरू झाला की सरळ थांबवा, अर्धा तास जातो आणि हाती काही लागत नाही.

शेवटचा भाग घरी वाचायला देऊ नका, सगळ्यांनी एकत्र बसूनच संपवा, आणि पुढचं पुस्तक त्या दिवशी ठरवायला जाऊ नका, कोणी ऐकायच्या मूडमध्ये नसतं.