गाडीतला ॲम्प चालू, पण सबवूफर (खोल, जाड आवाजाचा स्पीकर) गप्प?

ॲम्प्लिफायरचा दिवा हिरवा असेल तर वीज पोहोचते आहे, हे नक्की. दिवा लाल असेल किंवा 'प्रोटेक्ट' (ॲम्पने बचावासाठी आउटपुट बंद केलंय) दाखवत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी शॉर्ट किंवा सैल अर्थिंग शोधा.

सुरुवात स्टिरिओच्या सेटिंगपासून करा. बॅटरी काढून जोडली की काही स्टिरिओंमध्ये सबवूफरचं आउटपुट आपोआप बंद होतं, आणि लोक उगाच डिकी उचकत बसतात.

तिथे सगळं ठीक असेल तर स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्पपासून सोडवा आणि त्यांच्या टोकांना मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) ओहमवर, म्हणजे रोध मोजण्यावर, ठेवून लावा. ४ ओहमचा एकच सबवूफर असेल तर साधारण ३ ते ४ आकडा यायला हवा. काहीच आलं नाही तर सर्किट कुठेतरी तुटलंय. लगेच सबवूफरमधली कॉइल (तारेचं वेटोळं) जळाली असं मात्र ठरवू नका. बॉक्स उघडून थेट सबवूफरच्या टर्मिनलवर पुन्हा मोजा. अनेकदा बॉक्सच्या आतली वायर धक्क्यांनी निसटलेली असते. टर्मिनलपासून स्पीकरच्या कोनकडे (हलणाऱ्या पडद्याकडे) जाणारी विणलेली बारीक तारही नीट बघा, ती वाकून वाकून तुटते.

आकडा बरोबर आला तर संशय सिग्नलवर. स्पीकरच्या वायरी ॲम्पला परत जोडा. आवाज कमी ठेवून आरसीए केबलने (स्टिरिओचा आवाज ॲम्पपर्यंत नेणाऱ्या केबलच्या प्रकाराने) मोबाइल थेट ॲम्पच्या इनपुटला जोडा. सबवूफर वाजला तर दोष जुन्या केबलमध्ये किंवा स्टिरिओत. नाही वाजला तर ॲम्पचं आउटपुटच गेलेलं असण्याची शक्यता जास्त.