ठाण्याचा अक्षांश: सावलीने आणि ताऱ्याने

२१ मार्चला गच्चीवर १ मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. ठाण्यात मध्यान्ह बाराला नव्हे, पाऊणच्या सुमारास होते. साडेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करा. सर्वांत आखूड सावली साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून १९ अंश कललेला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो, म्हणून हाच अक्षांश.

रात्री कोनमापकाला दोरा-वजन बांधून सरळ कडेवरून ध्रुवतारा बघा (उत्तरेला टॉवर आडवा असेल तर दुसरी गच्ची शोधा). दोरा ७१ च्या आसपास येईल. ते ९० मधून वजा करा: ताऱ्याची उंची १९ अंश, पुन्हा तोच अक्षांश.

जुळलं म्हणून हुरळू नका. सावलीही त्याच कोनमापकाने मोजली असेल, तर त्याची चूक दोन्हीकडे शिरते आणि दोन पुरावे दिसायलाच दोन राहतात. सावलीला टेपच लावा. मोजणारेही वेगळे, आकडे एकमेकांना न दाखवता लिहिणारे. आकडे जुळतात, कारण त्या दिवशी सूर्य आणि ध्रुवतारा यांच्या दिशांमधला कोन जवळजवळ ९० अंश असतो.