अमेरिकेची ऑर्डर? कापड आधी काट्यावर ठेवा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान शिलाई युनिटकडे अमेरिकी खरेदीदार कापडाच्या ज्वलनशीलतेचं हमीपत्र मागतो, आणि घाबरून प्रत्येक तागा लॅबला जातो. पैसे जातात, दिवसही. बऱ्याच कापडांना त्याची गरजच नसते.

१. ताग्यातून १० × १० सेंमीचा तुकडा नीट कापा. कडेची किनार नको.
२. सोनाराच्या बारीक काट्यावर तोला. ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.
३. सपाट पृष्ठभागाचं (लव नसलेलं) कापड ८८.२ जीएसएम किंवा जास्त भरलं, तर कपड्यांच्या ज्वलनशीलतेच्या अमेरिकी मानकात (१६ सीएफआर १६१०) चाचणीतून सूट. निव्वळ पॉलिएस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक किंवा लोकर असेल तर वजनही पाहायला नको.

सुती मलमल, रेशमी शिफॉन, लव उभारलेलं सुती फ्लॅनेल मात्र लॅबलाच पाठवा. लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना तर वेगळे, कडक नियम आहेत. तिथे ही सूट धरू नका.

एक जपा: गिरणीचं हमीपत्र हाती असलं, तरी नंतर ब्रशिंग (घासून लव उभारणं) किंवा तत्सम प्रक्रियेने कापडाची ज्वलनशीलता बदलली, तर १९५३ च्या अमेरिकी फ्लेमेबल फॅब्रिक्स ॲक्टमधलं त्या पत्राचं खटल्यापासूनचं संरक्षण तुम्हाला मिळत नाही. प्रक्रियेनंतरचा तुकडा पुन्हा तपासून घ्या.