रन म्हणजे पळणं, हे आधी डोक्यातनं काढा

मराठी मीडियममधनं बीकॉम केलं आणि सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्टच्या एका ऑफिसात लागलो, काम काय तर बाहेरच्या पार्ट्यांचे मेल वाचून मालकांना सांगायचं. दुसऱ्याच आठवड्यात मेल आला, वुई आर रनिंग लो ऑन हँड टॉवेल्स. मला रन म्हणजे पळणं आणि लो म्हणजे कमी एवढंच ठाऊक, म्हणलं तिकडं हँड टॉवेल पळंना झालाय, खप नाही. मालकांना तसंच सांगितलं, त्यांनी चार लूम, म्हणजे माग, बाथ टॉवेलवर घेतले. आठ दिवसांनी फोन, माल कुठाय? त्यांच्याकडचा माल संपत आला होता हो, ते मागत होते आणि आम्ही थांबवून बसलेलो! मालक काही बोलले नाहीत पण जॉबर, म्हणजे लूमवरचा मुकादम, म्हणला, "काय बे, इंग्लिश शिकून आलायस न्हवं?"

मग रनच्या मागंच लागलो. ऑक्सफर्ड डिक्शनरीवाल्यांनी 2011 च्या सुमारास या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजलेत, ते सगळे पाठ करायच्या भानगडीत पडू नका, मी पडलो होतो, दोन दिवसात सोडलं.

उजेड पडला तो शेडमध्ये. लूम बंद पडून परत सुरू झाला की आपण "चालतोय का" विचारतो, पळतोय का असं कोण विचारतं? नेमकं तिथंच इंग्रज रन म्हणतो. लूम चालतो, दुकान चालतं, गाडी चालते, सगळं रन. म्हणून चालणं दिसलं की वॉक लिहू नका, आमच्यातल्या एकानं द मशीन इज वॉकिंग लिहून पाठवलंवतं. पण आपलं "उद्या चालेल का" मात्र रन नाही, तिथं वर्क येतं, विल टुमॉरो वर्क?

खरी गंमत पुढच्या चिमुकल्या शब्दात असते. रन आउट ऑफ म्हणजे संपणं. रन इनटू म्हणजे अवचित गाठ पडणं, पार्क चौकात शाळेतला दोस्त भेटला तर हे. पण तिथं चुकून रन ओव्हर म्हणालात तर दोस्त गाडीखाली गेला. रन इट बाय मी म्हणजे पाठवायच्या आधी मला एकदा दाखव, यात घाई अजिबात नाही. आणि रनिंग लेट म्हणजे नुसतं उशीर होतोय, पळत का असेना.

रूपं रन, रॅन, रन. हॅव रॅन म्हणू नका, हॅव रन. इंटरव्ह्यूत पोरं इथंच घसरतात.

मी वहीत आधी मराठी वाक्य लिहितो, मग त्याखाली इंग्रजी, उलटं केलं की लक्षात राहत नाही. परवा निवडणूक लिहिली. अमेरिकेत उमेदवार रन करतो, ब्रिटनमध्ये स्टँड करतो, जॉबरला सांगितलं तर म्हणला, "आपल्याकडंबी उभंच ऱ्हातेत की, पळतेत ते निवडून आल्यावर."